हिशेब लिहिणारा माणूस

१६१७ सालच्या ऑगस्ट महिन्यातील एका रविवारी, फ्रान्समधील शातियाँ या लहानशा गावी, व्हिन्सेंट नावाचे धर्मगुरू मिस्सासाठी वस्त्रे परिधान करीत होते. इतक्यात कोणी येऊन सांगितले, की गावाबाहेरच्या एका घरात सारेच्या सारे आजारी आहेत आणि त्यांना पाहायला कोणी नाही. फादरांनी प्रवचनात ती हकिकत सांगितली. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले, तो वाटेवर माणसांची रीघ लागलेली! जो तो काही ना काही खाद्यपदार्थ घेऊन त्याच घराकडे चाललेला. त्या एका दिवशी तेथे इतके अन्न जमले, की त्यांतील बरेचसे नासून जाणार आणि ते कुटुंब पुन्हा उपाशी राहणार, हे उघड होते. संत व्हिन्सेंट डी पॉल यांचे मोठेपण आम्हांस येथे दिसते. त्या गर्दीचे कौतुक करून ते थांबले नाहीत. त्यांनी गावातील स्त्रियांना एकत्र केले, आळीपाळीने जाण्याचे दिवस ठरविले आणि वर्ष संपण्यापूर्वी त्या कामाचे नियम कागदावर लिहून काढले.

गेली दोन वर्षे गोंदिया जिल्ह्यात आमचे जाणे-येणे आहे आणि ही गोष्ट आम्हांस तेथे वारंवार आठवते. विदर्भात थंडीचा कडाका पडला, की वर्तमानपत्रांतील तापमानाच्या यादीत गोंदियाचा आकडा बहुधा तळाशी असतो. मग नाताळच्या सुमारास नागपूरहून गाड्या भरून निघतात, ब्लँकेटे वाटली जातात, छायाचित्रे घेतली जातात. हे वाईट आहे, असे कोण म्हणेल? थंडी खरी असते आणि ब्लँकेटही खरीच ऊब देते. परंतु ज्या घरात ते ब्लँकेट जाते, त्याच घरातील सतरा वर्षांचा मुलगा जानेवारीत एखाद्या मुकादमाकडून उचल घेऊन परराज्यात निघून जातो. त्याला थांबवायला, निदान तो कोठे गेला याची नोंद ठेवायला, तेव्हा कोणी नसते. अशा मुलांमागे धावणाऱ्या लहान लहान संस्था आहेत. त्यांना काय हवे असते आणि आपण दाते मंडळी त्यांना काय देतो, याविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते.

'आम्ही' म्हणजे नागपूरच्या एका धर्मग्रामातील बारा कुटुंबे. कोणी रेल्वेतून निवृत्त झालेले, कोणी शिक्षिका, दोघी परिचारिका, एक चार्टर्ड अकाउंटंट, एकाचे मोटारदुरुस्तीचे गॅरेज. धनिक आमच्यात कोणी नाही. दर महिन्याला प्रत्येक घरातून ठरलेली रक्कम काढायची, ती तीन वर्षे एकाच संस्थेला द्यायची आणि पैशाबरोबर स्वतःही जायचे, एवढाच आमचा संकल्प होता. ही संस्था सालेकसा तालुक्यात शाळा सुटलेल्या मुलामुलींसाठी सायंकाळचे केंद्र चालविते. तिचे नाव येथे सांगत नाही; संस्थाचालकांचीच तशी इच्छा आहे.

या तऱ्हेच्या दातृत्वाला परदेशात 'व्हेंचर फिलॅन्थ्रॉपी' म्हणतात. १९६९ साली तिसऱ्या जॉन रॉकफेलर यांनी तो शब्दप्रयोग प्रथम केला, असे मानतात. १९९७ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू या नियतकालिकात तिघा अभ्यासकांनी एक लेख लिहून धर्मादाय संस्थांना काही प्रश्न विचारले. नवा उद्योग उभारू पाहणाऱ्याला भांडवल पुरविणारे लोक केवळ पैसे देऊन मोकळे होत नाहीत; ते वर्षानुवर्षे त्याच्या शेजारी बसतात, माणसे निवडायला मदत करतात, हिशेब पाहतात, अडचणीत सल्ला देतात. मग अनाथांसाठी काम करणाऱ्या संस्थेलाच एक वर्षाचा धनादेश देऊन निरोप का द्यावा? प्रश्न बिनतोड होता. मराठीत आम्ही त्याला आपला साधा 'हातभार' म्हणतो. त्यात हातही आला आणि भारही आला.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुके, त्यांतील सालेकसा आणि देवरी हे अगदी पूर्वेकडे, छत्तीसगडच्या सीमेला टेकलेले. हा तलावांचा आणि धानाचा मुलूख. पावसाळ्यात पऱ्हे टाकायचे, चिखलात उभे राहून रोवणी करायची आणि दिवाळीच्या पुढेमागे कापणी. ज्यांच्या शेताला पाणी नाही त्यांचे वर्ष तेथेच संपते. पुढे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपाने. मधल्या महिन्यांत पूर्वी घरोघर विड्या वळल्या जात; तो धंदा आता आटला आहे. भाताच्या गिरण्या आहेत, परंतु यंत्रे वाढली तसे हमालांचे काम कमी झाले. गोंदिया जंक्शन मात्र सदैव जागे असते. मुंबई-हावडा मार्गावरील हे मोठे स्थानक. विदर्भ एक्स्प्रेस येथून मुंबईला निघते, महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरला. रोवणी आटोपली, की मुले फलाटावर दिसू लागतात. पाठीवर एक पिशवी, खिशात मुकादमाचा भ्रमणध्वनी क्रमांक.

घर सोडून कामाला जाणे हा गुन्हा नव्हे. आमच्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा असेच नागपूरच्या गिरण्यांत आले. मुलाचा धोका वेगळा आहे. उचल घेतलेली असते, म्हणून काम सोडता येत नाही. वय कमी, म्हणून हजेरीपटावर नाव नसते. अपघात झाला तर मालक त्याला ओळखत नाही. मुलींची गोष्ट आणखी निराळी. आश्रमशाळेतून दहावी झाली, पुढचे कॉलेज लांब, बसची वेळ जुळत नाही. मग वर्ष घरी आणि वर्षाच्या आत लग्न. सालेकसा-देवरीकडच्या गावांवर कितीतरी वर्षे 'नक्षलग्रस्त' हा शिक्का होता. तेथे रिकामा बसलेला तरुण जंगलातल्यांनाही हवा असे आणि पोलिसांनाही. त्याच्यावर विश्वास मात्र दोघांचाही नसे. २०१५ चा बालन्याय कायदा अठराव्या वर्षापर्यंत मुलाला संरक्षण देतो. बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठी पुढे एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूदही त्यात आहे. परंतु जो कधी बालगृहात गेलाच नाही, जो आपल्याच घरी राहून हळूहळू हातचा जातो, त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात व्हावी?

पहिल्या भेटीत आम्ही संस्थेच्या प्रमुखांना विचारले, "भाऊ, तुम्हांला सर्वांत जास्त गरज कशाची आहे?" आमची अपेक्षा होती, की ते खोली बांधून मागतील. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "इमारत नको जी. हिशेब लिहिणारा माणूस द्या."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. हिशेबनिसाच्या पगारासाठी कोणी देणगी देते काय? त्याचे छायाचित्र काय काढायचे? भाऊंनी कपाट उघडून दाखविले. धर्मादाय आयुक्तांकडचे अहवाल, प्राप्तिकराचे १२-ए आणि ८०-जी, त्यांचे नूतनीकरण, वार्षिक लेखापरीक्षण. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत, असा कायदा २०१३ साली झाला आणि १ एप्रिल २०१४ पासून लागू झाला. परंतु तो पैसा घ्यायचा तर २०२१ पासून संस्थेला वेगळी नोंदणी लागते. परदेशातून काही यायचे असेल तर २०२० च्या दुरुस्तीनुसार स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच खाते हवे. सालेकसा कोठे आणि दिल्ली कोठे! भाऊ दिवसा मुलांमागे हिंडत आणि रात्री कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली पावत्या जुळवीत. त्यामुळे मुले दुरावत होती, आणि पावत्याही जुळत नव्हत्या. आदल्या वर्षी एका कंपनीने केंद्राला संगणक दिले होते. फलक लागला, फीत कापली गेली. वीजबिलासाठी किंवा शिकविणाऱ्यासाठी त्या देणगीत एक पैसाही नव्हता. आम्ही गेलो तेव्हा त्यांतील तीन अजून खोक्यांतच होते.

आमगावची एक बी.कॉम. झालेली मुलगी अर्धवेळ कामावर ठेवली. तिचा पगार आमच्या निधीतून. आमचे चार्टर्ड अकाउंटंट बंधू दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळच्या गाडीने जातात, दिवसभर तिच्याबरोबर बसतात, रात्री परततात. गॅरेजवाल्यांनी दोन मुलांना आपल्याकडे शिकावू म्हणून घेतले. परिचारिका भगिनींनी मुलींसाठी नर्सिंगच्या प्रवेशाची माहिती गोळा केली आणि तिघींचे अर्ज स्वतः भरून घेतले. यात थोर असे काही नाही. परंतु दीड वर्षात संस्थेची कागदपत्रे सरळ झाली आणि जी मोठी मदत पूर्वी दारावरून परत जाई तिच्यासाठी अर्ज करता येऊ लागला. मुख्य म्हणजे भाऊंच्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या. ते आता अंधार पडेपर्यंत मैदानावर असतात.

मुंबईत हे काम मोठ्या प्रमाणावर कसे चालते, हे समजून घ्यावे, म्हणून आम्ही थोडी चौकशी केली. १९९९ साली नीरा नंदी आणि देवल संघवी या दांपत्याने 'दसरा' ही संस्था सुरू केली. दोघेही मॉर्गन स्टॅन्ले या वित्तसंस्थेतून आलेले. त्याच वर्षी मॅथ्यू स्पेसी या इंग्रज गृहस्थांनी मुंबईत 'मॅजिक बस' सुरू केली. रस्त्यावरच्या मुलांना रग्बी खेळायला बोलावण्यातून ती उगवली. 'दसरा' तिच्या सुरुवातीच्या सोबत्यांपैकी एक. पुढे २०१० च्या सुमारास 'दसरा'ने दात्यांची मंडळे बांधली. दहा-बारा जणांनी दरसाल दहा दहा लाख तीन वर्षे द्यायचे, सर्वांनी मिळून एक संस्था निवडायची आणि पैशाबरोबर तिला सुमारे अडीचशे दिवसांचे मार्गदर्शन द्यायचे: हिशेब, नोकरभरती, पुढील वर्षांचे नियोजन. वाचकांतील गृहिणींना हे लगेच उमगेल. ही एक भिशीच आहे. फरक इतकाच, की उचल सभासदांपैकी कोणीही घेत नाही. आमची रक्कम त्यांच्या रकमेच्या पासंगालाही पुरणार नाही. तरी ते अडीचशे दिवस वाचून आम्हांस हुरूप आला. दिवस आमच्याकडेही आहेत.

आमच्या नागपुरातील उदाहरण तर साऱ्यांनाच ठाऊक आहे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा विषयाचे प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल दिला. पावसात एक फुटकी बादली लाथाडीत खेळणारी मुले त्यांनी पाहिली होती. त्या 'स्लम सॉकर'ला २०१६ साली फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचा पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट आला. चित्रपटात वेळ कापता येतो. प्रत्यक्षात चेंडू एकदा विकत घेतला, की काही महिने पुरतो; प्रशिक्षक मात्र रोज संध्याकाळी यावा लागतो, आणि त्याला घरभाडे असते. दात्याला चेंडूची पावती आवडते, प्रशिक्षकाच्या पगाराची आवडत नाही. २०२१ साली एडेलगिव्ह फाउंडेशनने पुढाकार घेऊन शंभर लहान संस्थांसाठी शंभर कोटींचा निधी उभारला. त्यात पगार, भाडे, हिशेब असल्या न दिसणाऱ्या खर्चाला मुद्दाम स्थान दिले होते. ते वाचून भाऊ म्हणाले, "म्हणजे मोठ्या लोकांनाही हे कळले म्हणायचे."

आमच्या घरांत डॉन बॉस्कोंची तसबीर बहुधा हसऱ्या मुलांच्या घोळक्यात असते. आम्हांला त्यांचा एक कागद अधिक प्रिय आहे. फेब्रुवारी १८५२ मध्ये ट्यूरिन येथे त्यांनी एका मुलाला सुताराकडे शिकावू म्हणून ठेविले आणि मुद्रांकित कागदावर करार केला. मालकाने मुलाला धंदाच शिकवावा, त्याला घरगड्यासारखे राबवू नये. चुकला तर शब्दांनी समजवावे, हात उगारू नये. सणावारी सुटी द्यावी. वेतन टप्प्याटप्प्याने वाढवावे. करारावर मालक, मुलगा आणि मुलाचे वडील यांच्याबरोबर स्वतः डॉन बॉस्कोंचीही सही. मुलाला काम मिळवून दिले, आता तो जाणे आणि त्याचे नशीब जाणे, असे ते म्हणाले नाहीत; त्यांनी जबाबदारी लेखी घेतली. आमच्या गॅरेजमधील दोन मुलांसाठी आम्ही त्याच धर्तीवर एक पानाचा मराठी करार लिहिला. गॅरेजवाले बंधू प्रथम जरा रुसले, "माझ्यावर विश्वास नाही काय?" मग त्यांनी आपणहून एक कलम वाढविले: जेवणाच्या सुटीत मुलांना कोणी चहा आणायला पाठवू नये.

या पद्धतीचे सारेच आम्हांला पटते, असे मात्र नाही. पैसे देणारा फार जवळ येऊन बसला, की तो धनी होऊ लागतो. भाऊ एकदा हसत म्हणाले, "पूर्वी एक सासू होती जी, आता बारा झाल्या!" हसण्यावारी नेले, तरी ते आम्ही विसरलो नाही. तेव्हापासून केंद्रात काय शिकवावे, कोणाला घ्यावे, याविषयी आम्ही विचारल्याखेरीज बोलत नाही. प्रगतीचे आकडे मागण्याचेही तसेच. किती मुले आली हे मोजता येते; जो मुलगा उचल घ्यायला निघाला होता आणि गेला नाही, तो कोणत्या रकान्यात लिहायचा?

सर्वांत मोठी शंका 'जोखीम' या शब्दाविषयी आहे. भांडवलदार दहा नव्या उद्योगांत पैसा घालतो, त्यांतील बरेच बुडणार हे धरूनच चालतो, आणि एखादा तरला की त्याचे भरून निघते. उद्योग बुडाला तर दुकानाला कुलूप लागते. सायंकाळचे केंद्र बंद पडले तर काय होते? ज्या मुलांना आपण दोन वर्षे 'उद्या ये' म्हणत आलो, ती उद्या येतात आणि दार बंद असते. अशा मुलांना मोठ्यांनी दिलेले शब्द मोडल्याचा अनुभव आधीच पुष्कळ असतो. तेव्हा या व्यवहारात जोखीम असेल तर ती दात्याने घ्यावी, मुलांच्या गळ्यात घालू नये, असे आमचे मत झाले आहे. दाते मंडळींत ते सर्वांना रुचत नाही.

आणि नेमका हाच प्रश्न आता आमच्यासमोर आला आहे. आमच्या तीन वर्षांच्या शब्दाची मुदत येत्या मार्चमध्ये संपते. केंद्रावर रोज येणारा जो कार्यकर्ता आहे, मुले ज्याला दादा म्हणतात, त्याला दुसरीकडे अधिक पगाराचे बोलावणे आले आहे. त्याचे लग्न ठरते आहे. त्याने जाऊ नये, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? गावागावांतील मुले त्याला नावानिशी ठाऊक आहेत. कोणाची उचल फिटायची आहे, कोणाचे वडील पितात, कोणती मुलगी परीक्षेला बसणार आहे, हे कोणत्याही वहीत नाही. ते त्याच्या डोक्यात आहे. तो गेला तर हिशेबाच्या वह्या स्वच्छ राहतील आणि केंद्र रिकामे होईल.

मागील महिन्यात आमची बैठक झाली. बारांपैकी दोन कुटुंबे बदलीमुळे बाहेरगावी गेली आहेत, एका घरी दीर्घ आजारपण आहे. एका सद्गृहस्थांनी सुचविले, की दिवंगत आईच्या स्मरणार्थ ते केंद्राला एक खोली बांधून देतील, दारावर तिचे नाव असावे. त्यांची आई आम्हां सर्वांना परिचित होती. कोणाच्याही घरी दुःख झाले, की सर्वांच्या आधी तेथे पोहोचणारी. बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी वयोवृद्ध मेरीमावशी म्हणाल्या, "अरे, तुझी आई खोलीत कधी बसली होती का? ती तर दारोदार फिरायची. तिच्या नावाने त्या पोराला पगार दे." बैठकीत हशा पिकला. त्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी विचार करायला आठ दिवस मागितले आणि सहाव्या दिवशी फोन केला. कार्यकर्त्याच्या पगारातील वाढ तीन वर्षे ते एकटे देणार आहेत. नावाची पाटी कोठे लावायची, हा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही.

आता हिशेबनीस मुलीचा पगार आणि केंद्राचे भाडे उरते. त्यासाठी गेलेल्या कुटुंबांच्या जागी पाच नवी कुटुंबे हवीत, तीही तीन वर्षांच्या शब्दाने. दिवाळीनंतर त्या भागात गावोगाव मंडई भरते. रात्रभर नाटके होतात, आणि बाहेर कामाला गेलेली मुले मंडईसाठी हमखास घरी येतात. कार्यकर्ता तेव्हा नोंदवही घेऊन गावोगाव फिरतो. कोण परतला, कोण नाही, कोणाला पुन्हा जायचे नाही, हे त्या चार-सहा दिवसांत कळते. या वेळी आमच्यापैकी चौघे त्याच्याबरोबर जाणार आहेत. पाचांपैकी तीन कुटुंबे मिळाली आहेत. दोन अजून हवी आहेत.